टाच

पन्नास किलोचं पोतं पाठीवर असताना
फळीवर पाय कसा टाकायचा, हे मला कुणी शिकवलं नाही.
मार्केट यार्डात पहिल्या दिवशी पडलो,
दुसऱ्या दिवशी जरा कमी.
पुढं कधीतरी अंगालाच कळलं,
आधी सगळा भार एका पायावर तोलायचा,
मगच दुसरा उचलायचा.

रेणूच्या अंगाला हे कळलं नाही.
सातव्या महिन्यात आली, एक किलो तीनशे ग्रॅम,
मिरजेत काचेच्या पेटीत बेचाळीस दिवस.
क्विंटलात मोजणारा मी
तिच्या वीस ग्रॅमसाठी नर्सच्या तोंडाकडं बघायचो.
गल्लीतली पोरं रांगली, धरून उभी राहिली, पळाली.
आमची चवड्यांवर,
पाय कात्रीसारखे एकात एक,
टाचा जमिनीपासून दोन बोटं वर,
जणू खाली फरशी तापलीय.

कुणी तेल सांगितलं, कुणी ताईत.
कुणी म्हणालं, ग्रहणात खड्डा खणून
कमरेपर्यंत पुरा, सरळ होईल.
शालन म्हणाली, "आधी तुम्ही उतरा त्यात."

मगदूम मॅडमची खोली विश्रामबागेत, पहिल्या मजल्यावर.
ज्यांना चालता येत नाही त्यांना जिना!
बारा किलोची पोर.
पाठीवर कळलीही नसती.
छातीशी धरली म्हणून दम लागला.

मॅडमनी तिचे पाय हातात घेतले
जाणता माणूस हळकुंड हातात घेतो तसे,
मोडून न बघता.
म्हणाल्या, "हट्ट नाही हा तिचा.
डोक्याकडून एकच निरोप येतोय, ताठ राहा, ताठ राहा.
आपण पायाकडून डोक्याला उलटा निरोप धाडायचा.
रोज."
"चालंल कधी?"
"तारीख देत नाही मी.
चालेलच, असंही लिहून देत नाही. काम देते."
इतकी वर्षं सौदे ऐकतोय,
असा भाव कुणी सांगितला नव्हता.

मग बारदानात भुसा भरून लोड शिवला.
टाच तळहातात बसवायची,
पाऊल हळूहळू वर, तीसपर्यंत मोजायचं.
रडली तर थांबायचं,
थांबायचं म्हणजे सोडून द्यायचं नाही.
बुटक्या स्टुलावर बसवून
भिंतीवर उंच टिकल्या चिकटवायच्या,
काढायच्या तर उठावंच लागतं.
शालनच्या कपाळाला आता टिकली उरत नाही,
भिंत मात्र सवाष्ण.

एकदा दोन दांड्यांच्या मधे उभी करून
मॅडम सांगत होत्या, "वजन इकडं घे राणी, आता तिकडं."
राणीला वजन म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं.
मी म्हटलं, "मॅडम, मी दावू का?"
कोपऱ्यातली वाळूची पिशवी पाठीवर घेतली
आणि चाललो, फळीवर चालतो तसा, सावकाश.
रेणू बघत राहिली.
मग कमरेतनं, एवढंसं,
तीही कलली.
मॅडम वहीत काहीतरी लिहीत होत्या.
वीस वर्षांत माझ्या चालण्याकडं
कुणी असं बघितलं नव्हतं.

सीझनमध्ये संध्याकाळी कपडे झटकले
की उंबऱ्यात हळद पडते.
भिंतीला धरून ती त्यातनं जाते.
मागं ठसे, पाच बोटं, चवड्याचा तुकडा,
पुढचं कोरं.
पाखरू येऊन गेल्यासारखं.
वर्ष झालं, तसेच.

काल डाव्या पायाचा ठसा लांब वाटला.
वाकून बघितलं.
मागच्या बाजूला, पुसट,
रुपयाएवढं पिवळं गोल.
उजव्याचं नव्हतं. डाव्याचंही एकदाच.

मी तसाच उकिडवा बसलो.
शालन फडकं घेऊन आली, तिनंही बघितलं,
बराच वेळ बघितलं,
आणि पुसून काढलं.
"अवं!" मी म्हटलं.
"ऱ्हाऊ दे की," ती म्हणाली,
"फरशी कोरी असली
तर उद्याचा नीट दिसंल."